नायट्रसवर धावणाऱ्या कॉन्टेसासाठी टॉर्क कन्व्हर्टर : कुपवाडच्या शेडमधील प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

गाडीचा सांगाडा, रोल केज आणि मागचा अ‍ॅक्सल ही कामे मार्गी लागली आहेत. या वहीत यापुढे केवळ टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिन आणि स्वयंचलित गिअरबॉक्स यांना तेलाच्या प्रवाहाने जोडणाऱ्या डब्याच्या, निवडीच्या नोंदी होतील, कारण इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर आणि नायट्रस (इंजिनात सोडून जादा शक्ती मिळवून देणारा नायट्रस ऑक्साइड वायू) या चारही गोष्टींचे हिशेब शेवटी याच एका भागात येऊन मिळतात आणि येथे घेतलेला निर्णय नंतर कार्ब्युरेटरच्या जेटसारखा पाच मिनिटांत बदलता येत नाही.

हिशेबासाठी धरलेली माहिती अशी आहे. गाडी भाच्याची हिंदुस्थान कॉन्टेसा असून चालकासह तिचे वजन १,२५० किलो भरते. इंजिन अमेरिकी बनावटीचे, ३५० घनइंचाचे म्हणजे ५.७ लिटरचे शेव्हरोले व्ही-८ आहे. समुद्रसपाटीच्या हवेत ते नायट्रसविना मिनिटाला ५,८०० फेऱ्यांना ४०० अश्वशक्ती आणि ४,२०० फेऱ्यांना ५४२ न्यूटन-मीटर टॉर्क देते. त्यावर १५० अश्वशक्तीचा नायट्रस प्लेट संच बसणार आहे. मागचे गुणोत्तर ३.५० आणि मागचे स्लिक (खाचा नसलेले) टायर २८ इंच व्यासाचे आहेत. शर्यत ४०२ मीटरची, म्हणजे पाव मैलाची आहे. गाडी रस्त्यावर चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असे फेरफार केलेले वाहन रस्त्यावर आणता येत नाही आणि आणूही नये. ती ट्रेलरवरून बंद धावपट्टीवर जाईल आणि ट्रेलरवरूनच परत येईल.

९ जानेवारी

सांगली जिल्ह्यात पंप समजावून सांगावा लागत नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, आणि म्हैसाळ व ताकारीच्या उपसा योजनांवर कृष्णेचे पाणी वर चढवणारे पंप शाळेच्या सहलीतही पाहायला मिळतात. माझी स्वतःची उमेदवारी इम्पेलर घासण्यात आणि त्यांचा तोल साधण्यात गेली आहे. म्हणून कन्व्हर्टरचा विचार मी पंपापासूनच सुरू करतो, आणि माझ्या मते तोच सरळ मार्ग आहे.

कन्व्हर्टरच्या कवचाला जोडलेला इम्पेलर इंजिनाबरोबर फिरतो आणि तेल बाहेरच्या कडेकडे फेकतो. समोरचा टर्बाइन ते तेल अंगावर घेतो आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतो. टर्बाइनमधून परतणारे तेल उलट्या दिशेने येत असते. ते तसेच इम्पेलरवर आदळले तर इंजिनालाच विरोध करील. मध्ये बसवलेला स्टेटर त्या तेलाची दिशा वळवून ते इम्पेलरच्या फिरण्याच्या दिशेने सोडतो आणि त्यामुळे टर्बाइनवर इंजिनाच्या टॉर्कपेक्षा अधिक टॉर्क मिळतो. टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या वेगाच्या जवळ आला की स्टेटर आपल्या एकतर्फी क्लचवर मोकळा फिरू लागतो आणि ही वाढ संपते. हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये जर्मनीत या रचनेचे पेटंट घेतले, ते जहाजातील वाफेच्या टर्बाइनचा प्रचंड वेग पंख्याला झेपेल इतका कमी करण्यासाठी. मोटारीत ती पुढे आली, पण मूळ यंत्र म्हणजे एकाच डब्यात बसवलेले पंप आणि टर्बाइनच होय.

पंपाचे नियम त्याला जसेच्या तसे लागू पडतात. एकाच घडणीचे दोन इम्पेलर घेतले तर त्यांना फिरवायला लागणारा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो. व्यास १० इंचांवरून ९ इंचांवर आणला तर तितक्याच फेऱ्यांना तो सुमारे ५९ टक्केच टॉर्क पेलतो, आणि तेवढाच टॉर्क पेलायला त्याला सुमारे ३० टक्के अधिक वेगाने फिरावे लागते. लहान कन्व्हर्टरचा स्टॉल, म्हणजे गाडी रोखून धरली असताना इंजिन ज्या फेऱ्यांपर्यंत चढते तो आकडा, उंच का असतो, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. पात्यांचा कोन आणि स्टेटरची घडण बदलून बनवणारे हा आकडा बराच खालीवर करतात, तरी व्यासाचा पाचवा घात मागून आपले काम करीतच राहतो.

१० जानेवारी

कालच्या नोंदीतून निघणारी गोष्ट स्वतंत्रपणे लिहून ठेवतो, कारण सगळी निवड तिच्यावर उभी आहे. “३,८०० चा कन्व्हर्टर” असे म्हटले जाते, तेव्हा तो आकडा त्या डब्याचा एकट्याचा नसतो. टर्बाइन थांबलेला असताना इंजिन पूर्ण उघडल्यावर इंजिनाचा टॉर्क आणि इम्पेलरला लागणारा टॉर्क ज्या फेऱ्यांना सारखे होतात, तो स्टॉल. इंजिन बदलले की आकडा बदलतो. स्टॉलच्या फेऱ्यांना टॉर्कच्या वर्गमुळाने भागले की येणारी संख्या मात्र त्या कन्व्हर्टरची स्वतःची असते आणि बऱ्याच अंशी स्थिर राहते. आमच्या इंजिनाचा ३,८०० फेऱ्यांचा टॉर्क ५२५ न्यूटन-मीटर धरला, तर ३,८०० स्टॉल देणाऱ्या कन्व्हर्टरची ही संख्या सुमारे १६६ येते.

आता नायट्रस. नायट्रस संच जवळजवळ ठरावीक शक्ती देतो, ठरावीक टॉर्क नव्हे, कारण जेटमधून सेकंदाला येणारा वायू इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून नसतो. १५० अश्वशक्ती म्हणजे ११२ किलोवॅट. ती ५,८०० फेऱ्यांना सुमारे १८४ न्यूटन-मीटरची भर घालते, ४,५०० ला २३७ ची, ३,५०० ला ३०५ ची आणि २,००० ला तब्बल ५३४ ची. शेवटचा आकडा पाहिला की नायट्रस कमी फेऱ्यांना का उघडू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही: तेथे सिलिंडरमधील दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि पिस्टन, गॅस्केट व बेअरिंग यांच्यावर तो येतो.

१६६ ची संख्या धरून नायट्रससह हिशेब मांडला. ४,६०० फेऱ्यांना इंजिनाचे ५३८ आणि नायट्रसचे २३२ मिळून ७७० न्यूटन-मीटर होतात, त्याच्या वर्गमुळाला १६६ ने गुणले की ४,६०० च्या आसपासच आकडा येतो. म्हणजे जो कन्व्हर्टर साध्या इंजिनावर ३,८०० ला थांबतो, तोच नायट्रसवर ४,६०० ला जाईल. उलट बाजूने पाहिले तर, नायट्रससह ३,८०० वर थांबेल असा कन्व्हर्टर मागवला तर त्याची संख्या १३४ येते आणि नायट्रसविना तो ३,००० च्याही थोडा खाली थांबतो. एकच आकडा बोलून दोन माणसे दोन वेगळे कन्व्हर्टर समजू शकतात, आणि दोघांचेही म्हणणे बरोबर असते. मागणीपत्रकात आम्ही आकड्याबरोबर “नायट्रसविना” किंवा “नायट्रससह” हे शब्द न चुकता लिहू.

१४ जानेवारी

संक्रांतीला भाचा आला होता. तिळगूळ झाल्यावर गोष्ट लगेच व्यासावर आली. “मामा, ८ इंची घेऊ या की. वजनाला हलका, इंजिन पटकन वर जाईल.”

त्याचे म्हणणे निराधार नाही. ८ इंची कन्व्हर्टरची फिरती जडता कमी असते, आणि जास्त फेऱ्यांच्या, टॉर्क कमी असलेल्या इंजिनासाठी तो योग्यच ठरतो. पण पाचव्या घाताचा हिशेब मी त्याच्यासमोर कागदावर मांडला. साडेनऊ इंचांच्या ज्या घडणीचा स्टॉल ३,८०० आहे, तीच घडण ८ इंचांत केली तर ती तितक्याच फेऱ्यांना जेमतेम ४२ टक्के टॉर्क पेलते. पातींचे कोन बदलून स्टॉल खाली आणता येतो. तरीही ७७० न्यूटन-मीटर त्या लहान पात्यांवर घातल्यावर शेवटच्या शंभर मीटरांत तो सैल पडण्याची शक्यता मोठी राहते. नायट्रसच्या गाडीत टॉर्कची टंचाई नसते. लहान कन्व्हर्टर ज्या अडचणीवरचा उपाय आहे, ती अडचण आपल्या गाडीला नाहीच.

“मग १० इंची?” त्याने विचारले. त्यावर मी लगेच उत्तर दिले नाही. १० इंची कन्व्हर्टर वरच्या वेगात घट्ट धरतो, परंतु नायट्रसविना सरावाच्या फेरीत तो इंजिनाला फार खाली दाबून ठेवील आणि नायट्रस उघडण्यापूर्वी इंजिन ३,००० च्या वर नेण्यात मोलाचा वेळ जाईल. साडेनऊवर आम्हा दोघांचे एकमत झाले.

१८ जानेवारी

गिअरबॉक्सचा प्रश्न उरकला. दोन पर्याय हाताशी होते. १.७६ च्या पहिल्या गिअरचा, दोन गतींचा पॉवरग्लाइड, आणि २.५२, १.५२ व १.०० अशा तीन गतींचा टर्बो ३५०. पॉवरग्लाइडमध्ये ६,३०० ला गिअर बदलला तर पकड पूर्ण धरून इंजिन सुमारे ३,५८० वर येते. टर्बो ३५० मध्ये पहिल्या बदलाला ३,८०० वर आणि दुसऱ्याला ४,१४५ वर. प्रत्यक्षात कन्व्हर्टर घसरत असल्यामुळे इंजिन इतके खाली येत नाही, आणि म्हणूनच पॉवरग्लाइडला अधिक सैल, म्हणजे उंच स्टॉलचा, कन्व्हर्टर लागतो: मोठी उडी त्याला भरून काढावी लागते. घट्ट कन्व्हर्टर वापरायचा आमचा कल असल्यामुळे टर्बो ३५० निवडला. त्यात ट्रान्सब्रेकचे वाल्व्ह बॉडी बसवले जाईल. ते पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी धरून गाडी जागेवर रोखते आणि बटण सोडताच रिव्हर्स मोकळा होतो.

२५ जानेवारी

आजचा दिवस एकाच प्रश्नावर गेला, आणि तो या वहीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे: नायट्रस केव्हा उघडायचा.

तीन वाटा आहेत. गाडी ट्रान्सब्रेकवर उभी असतानाच नायट्रस उघडायचा आणि मग बटण सोडायचे, ही पहिली. यात कन्व्हर्टर थेट ४,६०० वर चढतो आणि पूर्ण टॉर्क पहिल्या क्षणापासून चाकांवर येतो. कन्व्हर्टरची स्टॉलवरील टॉर्कवाढ दोनपट धरली तर २ गुणिले २.५२ गुणिले ३.५०, म्हणजे इंजिनाच्या टॉर्कच्या साडेसतरा पटींहून अधिक टॉर्क मागच्या चाकांवर येतो. १,२५० किलोच्या गाडीला, डांबरी धावपट्टीवर, तो पेलवणारा नाही. अमेरिकेतील ड्रॅग पट्ट्यांवर सुरुवातीच्या भागात चिकट द्रावण फवारलेले असते. आपल्याकडे शर्यती विमानांच्या धावपट्टीवर होतात, अँबी व्हॅलीची धावपट्टी हे त्याचे माहितीतले उदाहरण, आणि तेथील पकडीचा भरवसा तसा धरता येत नाही.

दुसरी वाट म्हणजे नायट्रस फक्त वरच्या गिअरमध्ये उघडणे. टायर सुखी राहतात, पण संचाचा अर्धा लाभ सोडून द्यावा लागतो.

तिसरी वाट आम्ही घेत आहोत. गाडी नायट्रसविना, केवळ इंजिनाच्या टॉर्कवर सुटेल. कन्व्हर्टर ३,८०० च्या आसपास चढेल. गाडी हलल्यानंतर सुमारे अर्ध्या सेकंदाने नायट्रस उघडेल. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला आधी ट्रॉल्या हलवतो आणि मग थ्रॉटल वाढवतो, तसा हा क्रम आहे. उघडण्यासाठी तीन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतील: थ्रॉटल पूर्ण उघडलेला असणे, फेरे ३,००० च्या वर असणे आणि टायमरचा अवधी संपलेला असणे. ६,५०० च्या वर फेरे गेले की नायट्रस आपोआप बंद होईल.

या निर्णयाचा कन्व्हर्टरवर सरळ परिणाम होतो. सुटताना नायट्रस नसल्यामुळे इंजिनाला स्वतःच्या बळावर चांगल्या टॉर्कपर्यंत चढता आले पाहिजे, म्हणजे नायट्रसविना स्टॉल ३,८०० च्या खाली नको. नायट्रस उघडतो तेव्हा टर्बाइन आधीच फिरू लागलेला असतो, त्यामुळे पूर्ण स्टॉलचा ४,६०० चा आघात प्रत्यक्षात येत नाही आणि कन्व्हर्टर नायट्रसचा टॉर्क पहिल्या वाटेपेक्षा कितीतरी शांतपणे उचलतो. पहिल्या वाटेने गेलो असतो तर ३,२०० किंवा ३,३०० चा अधिक घट्ट कन्व्हर्टर योग्य ठरला असता. इंजिन तेच, संच तोच, गाडी तीच. केवळ नायट्रस उघडण्याच्या क्षणामुळे मागणी बदलते. ज्यांनी हा क्षण ठरवण्यापूर्वी कन्व्हर्टर मागवला आहे, त्यांना मी कळकळीने सांगेन की मागणी अजून रोखता येत असेल तर रोखा.

२ फेब्रुवारी

मागणीपत्रक तयार केले. कन्व्हर्टर अमेरिकेतून बनवून येणार असल्याने सगळी मापे त्यांच्या पद्धतीत, इंच आणि पौंडांत, बदलून लिहिली. पत्रकात वजन, मागचे गुणोत्तर, टायरचा व्यास, कॅमची मापे, कॉम्प्रेशन आणि इंजिनाचा टॉर्कचा आलेख हे सर्व जोडले. केवळ कमाल अश्वशक्ती लिहून कोणालाही चांगला कन्व्हर्टर बनवता येणार नाही. ३,००० ते ४,५०० या पट्ट्यातील टॉर्क त्याला कळला पाहिजे.

उंचीची नोंदही केली. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, येथे हवेचा दाब सुमारे सहा टक्के कमी असतो आणि इंजिनाचा टॉर्क त्याच प्रमाणात उतरतो. समुद्रसपाटीला ३,८०० वर थांबणारा कन्व्हर्टर येथे ३,६८० च्या आसपास थांबेल. नायट्रसची भर मात्र बाटलीतून येते, तिला या उंचीने फारसा फरक पडत नाही. त्यामुळे आपल्या पठारावर एकूण टॉर्कमध्ये नायट्रसचा वाटा तिकडच्यापेक्षा थोडा मोठा राहतो आणि नायट्रसविना व नायट्रससह या दोन आकड्यांतील अंतरही वाढते.

घडणीबद्दलच्या मागण्या पुढीलप्रमाणे लिहिल्या. इम्पेलर आणि टर्बाइनच्या पात्या भट्टीत पितळी झाळ देऊन पक्क्या केलेल्या हव्यात. केवळ वाकवून अडकवलेल्या पात्या नायट्रसच्या धक्क्याने सुटतात. कवच फुगू नये म्हणून मागच्या बाजूला जाड प्लेट हवी, आणि पुढचे झाकण ओतीव किंवा पत्र्याचे नको, सबंध पोलादातून कातलेले हवे. कन्व्हर्टर फुगतो तेव्हा तो इंजिनाच्या क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि थ्रस्ट बेअरिंग खातो, म्हणजे नुकसान कन्व्हर्टरचे होत नाही, इंजिनाचे होते. स्टेटरचा एकतर्फी क्लच जड कामाचा हवा.

स्टेटरबद्दल एक वाक्य मी मुद्दाम ठळक केले. स्टॉलवर टॉर्कवाढ अधिक देणारा स्टेटर मागू नये. वरच्या वेगात घट्ट धरणारा द्यावा. टॉर्कवाढ आणि वरची पकड या दोन्ही गोष्टी एकाच स्टेटरमध्ये पूर्णपणे मिळत नाहीत. ज्या गाडीला टायर घसरण्याची भीती आहे, तिने वाढ सोडून पकड घ्यावी.

११ फेब्रुवारी

तेल तापण्याचा हिशेब. ट्रान्सब्रेकवर टर्बाइन थांबलेला असताना इंजिनाची सगळी शक्ती तेलात उष्णता होऊन उतरते, कारण बाहेर काम काहीच होत नाही. ३,८०० फेऱ्यांना ५२५ न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे २०९ किलोवॅट. कन्व्हर्टरमध्ये पाच लिटर तेल धरले तर त्याचे तापमान दर सेकंदाला वीस अंशांहून अधिक चढते. नायट्रससह ४,६०० ला ही शक्ती ३७१ किलोवॅट होते आणि चढण सेकंदाला चाळीस अंशांवर जाते. ८० अंशांच्या तेलाने सुरुवात केली तर तीन सेकंदांत काय होते, हे ज्याने त्याने मांडून पाहावे.

म्हणून नियम ठरला: ट्रान्सब्रेकवर पूर्ण थ्रॉटल दोन सेकंदांपेक्षा अधिक धरायचा नाही, नायट्रस तर तेव्हा अजिबात नाही. गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरपासून वेगळा, पंख्यासह बसवला. तापमापक कूलरकडे जाणाऱ्या नळीवर लावला, कारण कन्व्हर्टरमधून निघालेले तेल तेथून जाते. तळाच्या पॅनमधील तापमान उशिरा हलते.

२० मार्च

पेटी आली. कस्टमचे सोपस्कार सोडून देतो.

बसवण्याचे काम स्वतः केले, मिस्त्री सोबत होते. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवताना तो तीन ठिकाणी अडकून पुढे जावा लागतो: टर्बाइनच्या खाचा, स्टेटरच्या खाचा आणि शेवटी पंपाच्या गिअरमध्ये बसणारा हब. दोन टप्पे लागले की तो बसल्यासारखा वाटतो आणि येथेच घाई नडते. तिसरा टप्पा न लागता बोल्ट आवळले तर पंप फुटतो. हळूहळू फिरवत, दाब न देता, तिसरा खटका हाताला लागेपर्यंत थांबलो. मग गिअरबॉक्स इंजिनाला मिळवल्यावर कन्व्हर्टर पूर्ण मागे ढकलून त्याच्या आणि फ्लेक्सप्लेटच्या (क्रँकशाफ्टला लागलेल्या, कन्व्हर्टर फिरवणाऱ्या तबकडीच्या) मधले अंतर मोजले. ते ३.२ ते ४.८ मिलिमीटरमध्ये असावे लागते, आमचे ४.१ भरले, त्यामुळे शिमची (अंतर भरणाऱ्या पातळ चकतीची) गरज पडली नाही. “साहेब, हे बरं झालं,” मिस्त्री म्हणाले, कारण शिम कापायची म्हणजे तीनही बोल्टांच्या ठिकाणी अगदी सारख्या जाडीच्या लागतात. फ्लेक्सप्लेट एसएफआय (शर्यतीच्या भागांची सुरक्षा मानके ठरवणारी अमेरिकी संस्था) २९.१ प्रमाणपत्राचीच घेतली आहे आणि तिच्याभोवती संरक्षक कवचही बसवले आहे. सहा-साडेसहा हजार फेऱ्यांना ही तबकडी फुटली तर तिचे तुकडे चालकाच्या पायांच्या दिशेने येतात, म्हणून येथे पैसे वाचवण्याचा विचार मनातही येऊ नये.

२८ मार्च

ऊन चढू लागले आहे आणि आता बाटलीचा विचार केल्याशिवाय कन्व्हर्टरची चाचणी अर्थपूर्ण होणार नाही. मिरजेच्या रुग्णालयांमुळे नायट्रस ऑक्साइड आपल्या भागाला भुलीचा वायू म्हणून परिचित आहे. त्याच्या वजनाचा सुमारे ३६ टक्के भाग ऑक्सिजन असतो, आणि तो इंजिनातील उष्णतेने सुटा झाल्यावर अधिक इंधन जाळता येते. बाटलीत तो द्रवरूपात असतो, पण केवळ ३६.४ अंशांपर्यंतच. त्याच्यावर गेल्यास द्रव आणि वायू हा भेद राहत नाही आणि दाब ७२ बारच्या पुढे झपाट्याने चढतो. थंड देशांत बाटलीला हीटर लावतात. सांगलीत एप्रिलच्या दुपारी प्रश्न नेमका उलटा असतो. बंद गाडीतली बाटली सहज ही मर्यादा ओलांडते.

द्रवाऐवजी विरळ वायू जेटमध्ये गेला की नायट्रस कमी आणि पेट्रोल तितकेच, असे मिश्रण होते. १५० अश्वशक्ती १५० राहत नाही, आणि ज्या टॉर्कवर आम्ही स्टॉल मांडला तो टॉर्कच बदलतो. एका फेरीचा आकडा दुसऱ्या फेरीशी जुळत नसेल तर कन्व्हर्टरला दोष देण्यापूर्वी बाटलीचा दाब पाहावा. आम्ही बाटली ३० अंशांच्या आसपास, म्हणजे सुमारे ६३ बारवर ठेवणार आहोत: ओले फडके, सावली, आणि शर्यतीपूर्वी प्रत्येक वेळी दाबाची नोंद. वायू गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार परवाना असलेल्या भरणा केंद्रातूनच, बाटलीवर ठरवून दिलेल्या वजनापर्यंतच भरून घेतला जाईल. जादा भरलेल्या बाटलीत तापल्यावर फुगायला जागा उरत नाही.

१३ एप्रिल

परवानगी घेतलेल्या बंद धावपट्टीवर, सकाळी लवकर, हवा २६ अंश असताना चाचणी झाली. भाचा चालवत होता, मी डेटा लॉगरवर.

आधी नायट्रसविना. ट्रान्सब्रेकवर पूर्ण थ्रॉटलला इंजिन ३,७०० वर स्थिर झाले. कागदावरचा आकडा ३,६८० होता. एवढ्या जवळचा मेळ पाहून मला जो आनंद झाला तो लिहून ठेवण्यात संकोच वाटत नाही. १९०५ च्या त्या यंत्राला अजूनही पंपाचेच नियम लागतात. गाडी सुटताना टायर किंचित फिरले आणि धरले. ४०२ मीटरला वेग ताशी १९३ किलोमीटर, इंजिन ५,३३०, प्रॉपेलर शाफ्ट ५,०१०. वरच्या गिअरचे गुणोत्तर १.०० असल्याने या दोन आकड्यांतील फरक म्हणजे सरळ कन्व्हर्टरची घसरण: ६.० टक्के.

मग नायट्रससह. गाडी सुटल्यावर ०.५ सेकंदाने संच उघडला तेव्हा मागचे टायर पुन्हा सुटले आणि लॉगरवर शाफ्टचे फेरे एकदम उसळलेले दिसले. टायमर ०.८ वर नेला. त्यानंतर आलेख गुळगुळीत आला: इंजिन ३,७०० वरून न उसळता चढत गेले आणि पहिला गिअर ६,३०० ला बदलल्यावर ४,७०० च्या खाली आले नाही. शेवटी वेग २१२, इंजिन ५,८९०, शाफ्ट ५,४९०, घसरण ६.८ टक्के.

सुटल्यावर लगेच नायट्रसने टॉर्क दीडपटीकडे जातो, आणि शेवटी मात्र घसरण एका टक्क्यापेक्षाही कमी वाढते, हे पाहून भाच्याला नवल वाटले. कारण पुन्हा फेऱ्यांच्या वर्गातच आहे. ५,९०० ला नायट्रसची भर जेमतेम १८० न्यूटन-मीटर उरलेली असते, आणि त्याच वेळी इम्पेलरची टॉर्क पेलण्याची क्षमता फेऱ्यांच्या वर्गाने वाढलेली असते. कन्व्हर्टरची कसोटी खाली लागते. वर तो सावरतो.

लॉगर नसलेल्यांसाठी एक सूचना. टायरच्या स्थिर व्यासावरून हिशेब केला असता तर २१२ किलोमीटरला शाफ्ट ५,५३६ यायला हवा होता आणि घसरण ६.० टक्केच दिसली असती. स्लिक टायर वेगात व्यासाने वाढतो, म्हणून नुसत्या वेगावरून काढलेली घसरण खऱ्यापेक्षा कमी दिसते. शाफ्टवर चुंबक आणि सेन्सर बसवायला फार खर्च येत नाही.

१५ एप्रिल

निर्णय. स्टेटर बदलायचा नाही, ६.८ टक्के हा आकडा नायट्रसच्या गाडीसाठी उत्तम आहे आणि तो ५ टक्क्यांवर आणायला गेलो तर नायट्रसविना स्टॉल ३,४०० च्या जवळ उतरेल आणि सुटण्याचा वेग जाईल. गिअर बदलण्याचे फेरे ६,३०० वरून ६,१०० वर आणले जातील, कारण बदलानंतर इंजिन ४,७०० वर राहत असल्याने वर ताणण्याची गरज उरलेली नाही. टायमर ०.८ वरच राहील. तेल बदलून जुन्या तेलाचा नमुना पांढऱ्या फडक्यावर तपासला: धातूचे कण नाहीत, रंग लाल, जळका वास नाही. क्रँकशाफ्टची पुढेमागे हालचाल डायल गेजवर ०.१५ मिलिमीटर भरली, बसवताना होती तितकीच. हेच मोजमाप प्रत्येक शर्यतीनंतर या वहीत लिहायचे आहे; ते वाढू लागले तर गिअरबॉक्स उतरवून कन्व्हर्टरची जाडी मोजायची.